पाठमोरी

पाळकसाहेबांनी हाक मारली, तरी माझे पाय जागचे हलेनात.

"मनोरमाबाई, या पुढं. चिठ्ठी उचला."

नव्या वर्षाची सकाळची उपासना नुकतीच संपली होती. आमच्या सावरगावच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. तिथे पुढच्या मेजावर पितळी परात ठेवलेली होती, तिच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालाखाली वचनांच्या चिठ्ठ्या. शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एकेक वचन कागदाच्या पट्टीवर लिहून त्याची बारीक सुरळी केलेली असे. प्रत्येकाने एक उचलायची, पाळकसाहेबांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, की ते वचन त्या माणसाचं झालं. वर्षभर जपायचं. कुणी ते शास्त्राच्या पानात ठेवायचं, कुणी आरशाला चिकटवायचं.

एरवी हा मोठा गमतीचा कार्यक्रम असे. त्याच सकाळी योहानबाबांना, सत्तरी उलटलेल्या आणि तोंडात एकही दात नसलेल्या म्हाताऱ्याला, लेकराबाळांनी घर भरून जाईल अशा अर्थाचं वचन निघालं होतं आणि त्यांची बायको पदराआड तोंड लपवून हसत होती. सगळं देऊळ हसत होतं. मला काही हसू येईना. माझ्या चिठ्ठीवर माझं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं आणि ही गोष्ट देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

माझा नवरा शांतवन जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. पायात खिळा घुसला, त्याने तो उपटून फेकला आणि पुन्हा कामाला लागला. धनुर्वाताने गेला. मी बावीस वर्षांची, पदरात मूल नाही. घरात मी आणि माझ्या सासूबाई, दोघीच. नाताळात माझा भाऊ भास्करदादा जालन्याहून आला तो स्थळ घेऊनच. प्रभुदास आढाव, शाळामास्तर, बिजवर. त्यांना मी दादाच्या घरी एकदाच पाहिलं होतं. पाहायला आलेली माणसं जे विचारतात त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. चहाचा कप खाली ठेवत ते एवढंच म्हणाले, "शांतवनरावांची आठवण येत असेल ना?" दोन वर्षांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि आत पळाले.

तर मला जायचं होतं. आणि आत्याबाईंना सोडून जायचं नव्हतं. सासूला मी आत्याबाई म्हणायची. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या होत्या आणि त्या दोन्हींच्या ओढाताणीत माझा जीव मेटाकुटीला आला होता. दादाने विषय काढला तेव्हा आत्याबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"भास्करराव, मानसाच्या मनाचं काही खरं नाय," त्या म्हणाल्या. "चार दिवसांवर नवं वर्ष आलंय. देवळात चिठ्ठ्या निघतील. मनीच्या चिठ्ठीत देव काय म्हनतो ते बघू. जा म्हनला तर मी अडवायची नाय. राहा म्हनला तर तुम्ही वढायची नाय."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. मला तर सुटल्यासारखंच झालं होतं. आता ठरवायचं काम देवाचं.

पाळकसाहेबांनी पुन्हा हाक मारली तशी मी पुढे गेले, रुमालाखाली हात घातला आणि हाताला लागली ती पहिली सुरळी पाळकसाहेबांच्या हातात दिली. आमचे बोर्डे पाळकसाहेब मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला, सुरळी उलगडली आणि वाचण्याआधीच त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी वाचलं. रूथने आपल्या सासूला, नामीला, दिलेलं ते वचन होतं. तू जाशील तिकडे मी येईन, तुझी माणसं ती माझी माणसं, असं सांगणारं.

मग बायकांच्या बाजूने एकदम हालेलूया झाला. कुणी रडायला लागलं, कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला. विधवा सुनेला, विधवा सासूसमोर, शास्त्रातल्या विधवा सुनेचंच वचन निघालं होतं. याहून स्पष्ट देवाने आणखी काय बोलायचं? आत्याबाईंनी माझा हात असा घट्ट धरला की बोटं दुखली.

"बोलला गं," त्या म्हणत होत्या. "बोलला माझा देव."

घरी आल्यावर त्यांनी भाताचं शीत चोळून ती चिठ्ठी कोनाड्याच्या वर भिंतीला चिकटवली. चहात मूठभर गूळ टाकला. दोन वर्षांत त्या इतक्या हसऱ्या मी पाहिल्या नव्हत्या. मीही हसले. भांडी घासायला मागच्या दारी गेले तेव्हा मात्र राखेचा हात डोळ्यांना लागला म्हणून रडते आहे असं स्वतःलाच सांगितलं आणि पोटभर रडून घेतलं.

आत्याबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचं नाव राहेलबाई साळवे. सगळी हयात त्यांनी बायबल स्त्री म्हणून काढली. म्हणजे मिशनच्या वतीने खेडोपाडी पायी जायचं आणि बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. पांढरं लुगडं, हातात छत्री, खांद्यावर चित्रांची गुंडाळी. ती गुंडाळी झाडाच्या फांदीला नाहीतर कुणाच्या ओसरीच्या खुंटीला टांगायची, एकेक चित्र उलटायचं आणि छत्रीच्या टोकाने दाखवत गोष्ट सांगायची. दळणं सोडून बाया येऊन बसायच्या. शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं. आता डोळ्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून संध्याकाळच्या कुटुंब उपासनेत मी वाचायची. पण मी ओळ सुरू करावी आणि त्यांनी ती संपवावी, असंच चालायचं.

रूथची गोष्ट हा त्यांचा हुकमाचा एक्का. त्या चित्रात एक रस्ता होता. मध्ये म्हातारी नामी, तिच्या गळ्यात पडलेली रूथ, आणि रस्त्याच्या टोकाला लांब चाललेली दुसरी सून, पाठमोरी. आत्याबाईंची गोष्ट या पाठमोऱ्या बाईपासूनच सुरू व्हायची. "ही बघा निघाली! सासूचा नवरा मेला, लेकं मेली, आन् ही बघा, आपली वाट धरली. हिचं तोंडसुदीक चित्र काढनाऱ्यानं काढलं नाय. काढन्याजोगं नव्हतंच!" बायका चुकचुक करायच्या. एका गावात तर एक म्हातारी उठली आणि चिमूटभर माती उचलून तिने त्या पाठमोरीच्या अंगावर टाकली. मग आत्याबाईंची छत्री हळूच रूथकडे वळायची, आणि बाया डोळ्याला पदर लावायच्या. मी ही गोष्ट एवढ्यांदा ऐकली होती की कुठे चुकचुक होणार आणि कुठे पदर लागणार, हे मला आधीच कळायचं.

नव्या वर्षाच्या त्या संध्याकाळी कंदील लावल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मने, आज आपलं वचन काढ."

आधी प्रार्थना झाली. वाचनापूर्वीची त्यांची प्रार्थना नेहमीची, ठरलेली. "बापा, वाचनारी तुझी, ऐकनारी तुझी. आता समज पन तुझीच दे. आमची आमच्यापाशी ठेव." मी आमेन म्हटलं आणि ते चिठ्ठीतलं वचन जिथे होतं तिथे बोट ठेवलं.

"वरून वाच," त्या म्हणाल्या. "अध्याय मधूनच तोडायचा नाय."

मी वरून वाचायला लागले. बेथलेहेमात दुष्काळ पडला, नामी नवऱ्यासंगे आणि दोन मुलांसंगे मवाब देशात गेली, नवरा वारला, मुलांनी तिथल्याच मुली केल्या, मग मुलंही वारली. आत्याबाई माझ्या पुढे पुढे म्हणत होत्या, डोळे मिटून, डोलत. मग नामी परत आपल्या गावी निघाली आणि दोघी सुना तिच्याबरोबर निघाल्या. वाटेत थांबून नामी त्यांना सांगते, की पोरींनो, तुम्ही आपापल्या आईच्या घरी परत जा, देव तुमचं भलं करो, तुम्हाला दुसऱ्या नवऱ्याच्या घरी सुख मिळो.

हे वाचताना माझा आवाज अडकला. घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसायला लागली. आत्याबाईंचं पुटपुटणं थांबलं.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. या वेळी त्या डोलत नव्हत्या. डोळे उघडून त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी दुसऱ्या ओळीकडे वळणार तोच त्यांनी हाताने थांबवलं.

"मिट पुस्तक."

"पण आपलं वचन तर अजून यायचंय, आत्याबाई."

"मिट म्हनते ना."

शेवटचं गाणं झालं नाही. गाण्याशिवाय उपासना उरकल्याचं मला तरी आठवत नाही. शांतवन गेला त्या दिवशीही त्यांनी गाणं म्हटलं होतं. मी समजून चुकले. माझा आवाज फुटला होता आणि त्यांनी ओळखलं होतं की हिचं मन इथे नाही. देवाने राहा म्हटलं तरी ही मनातून निघालेली आहे. मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटू लागली.

त्यानंतर त्यांचं बोलणं तुटलं. रागाने नव्हे. रागावल्या की त्या भांडी आपटत. आता भांडी अगदी हलक्या हाताने ठेवत होत्या, त्यामुळे मला जास्तच भीती वाटायची. जेवताना मध्येच हात थांबायचा. एका दुपारी मी पाणी घेऊन आले तर त्यांनी अंगणात बाजेवर चित्रांची गुंडाळी पसरली होती आणि रूथच्या चित्रावर त्या इतक्या ओणवल्या होत्या की नाक कागदाला टेकलं होतं. मला बघून त्यांनी ती गुंडाळून ठेवली. रोज संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसायची. त्या म्हणायच्या, "आज स्तोत्र वाच." त्या अध्यायाचं नाव काढत नव्हत्या. आणि प्रार्थनेतल्या त्या ठरलेल्या ओळीपाशी आल्या की अडखळत होत्या. समज दे, हे म्हणायला जणू त्यांना जड जात होतं.

आठवड्याभराने पाळकसाहेब घरी आले. लोक वचन मिळाल्याच्या आनंदात आहेत ना, हे बघायला ते जानेवारीत घरोघर जायचे. मी चहा ठेवला. आत्याबाईंनी सरळ विचारलं.

"साहेब, चिठ्ठी कोनाला येते? उचलली त्याला, का ऐकली त्याला?"

पाळकसाहेब गोंधळले. "म्हणजे काय, राहेलबाई? तुमच्या सुनेला तर इतकं सुंदर वचन..."

"सुंदर हाये. म्हून तर विचारते."

त्यांनी भिंतीवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू? मलाही त्या दिवशी फार भरून आलं. पण त्या पट्ट्या आमच्या मुलींनी जेवणाच्या टेबलावर बसून कातरीने कापल्यात. वचन देवाचं, पण कापलं आमच्या घरात. त्याच्या मागचं, पुढचं सगळं कातरीखाली गेलं. ते जोडून दाखवायला देवाचा आत्माच लागतो. त्यालाच मागा."

"मागतेय," आत्याबाई म्हणाल्या. "आन् देतोय तो. पन मला पायजे ते देत नाय."

पाळकसाहेब हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते आहे. मला चहा गाळताना दिसलं, की आत्याबाईंच्या तोंडावर हसू नव्हतं.

दादा उत्तर घ्यायला आला तो बुधवार होता. बुधवारी दुपारी देवळात बायकांची प्रार्थना सभा असायची. उत्तर काय आहे ते दादाला गावच्या एसटी थांब्यावरच कळलं होतं. कुणीतरी चिठ्ठीची हकिकत त्याला मीठमसाला लावून सांगितली होती. बिचारा उतरलेल्या तोंडाने आला, आणि मुक्काम न करता परत जातो म्हणाला.

"जेवा आधी," आत्याबाई म्हणाल्या. "मग सभेला या."

"बायकांच्या सभेला, मावशी?"

"दारात बसा. कोन हाकलतंय बघते मी."

आणि त्यांनी खुंटीवरची गुंडाळी काढून खांद्यावर टाकली.

त्या दिवशी बायकांनी देऊळ गच्च भरलं होतं. वचन निघालेल्या सासू-सुना येणार, खुद्द राहेलबाई रूथची गोष्ट सांगणार, असं सगळीकडे झालं होतं. योहानबाबांची बायको मार्थाबाई पहिल्या रांगेत, हातात आधीच पदर तयार ठेवून. मी भिंतीला टेकून बसले. आत्याबाईंनी चित्र टांगलं, नीट केलं, छत्री उचलली. नेहमीप्रमाणे छत्रीचं टोक त्या पाठमोऱ्या बाईवर टेकलं. बायकांनी चुकचुक करायला तोंडं उघडलीच होती.

"हिचं नाव काय?" आत्याबाईंनी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अहो, मी इतकी वर्षं हिची गोष्ट सांगते. तुम्ही ऐकता. हिला नाव नसंल का? मार्थाबाई, सांगा."

"आता नाव कशाला पायजे तिचं?" मार्थाबाई म्हणाल्या. "गेली ती गेली."

"अर्पा," आत्याबाई म्हणाल्या. "अर्पा तिचं नाव. मला ठावं होतं. पाठ होतं. पन कवा तोंडातून काढलं नाय. नाव घेतलं असतं तर शिव्या देता आल्या नसत्या."

देवळात चुळबुळ झाली. आत्याबाईंनी छत्री खाली ठेवली आणि चित्राला नुसता हात लावला.

"शास्त्रात हिला एकसुदीक वाईट शब्द नाय. अख्खा अध्याय पाठ हाये मला, पुन्हा पुन्हा म्हनून बघितला. नवरा मेल्यावर ही सासूपाशी राहिली. सासू गावाला निघाली तर संगं निघाली. वाटंत रडली पन. मग परत का फिरली? सासू म्हनली, जा बाई आईच्या घरी. एकदाच नाय, पुन्हा पुन्हा म्हनली. तवा ही गेली. सासूचं ऐकलं ना हिनं? मग तुम्हीच सांगा, ऐकनारी सून वाईट, आन् न ऐकनारी चांगली, असं कुठल्या गावात असतंय?"

हशा पिकला. मार्थाबाईसुद्धा हसल्या. आत्याबाई मात्र थांबल्या नाहीत.

"आता रूथ. रूथ म्हनली, मी यीन तुझ्यासंगं. लई मोठी बाई. पन ती म्हनली कवा? आधी नामीनं दार सताड उघडलं. जा म्हनली, सुखी व्हा म्हनली, दोघींचा मुका घेतला. तिला जायची मोकळीक होती, आन् मग ती राहिली. म्हून तिच्या राहन्याला मोल. सासूनं दाराला कडी घातली असती, तर रूथ राहिली काय आन् कोंडली काय, सारखंच की."

आता कुणी हसत नव्हतं. आत्याबाईंचा आवाज खाली आला. गोष्ट सांगायचा आवाज गेला आणि घरातला आवाज आला.

"देवळात चिठ्ठी निघाली. सुनेचं म्हननं काय ते त्यात लिव्हलं होतं. मी नाचले. पन सुनेच्या आधी सासूला म्हनायचं असतंय, ते कातरीनं कापलं होतं. ते माझं होतं. माझं मी म्हनलंच नाय आन् तिच्याकडनं तिचं वदवून घ्यायला बसले. मनी वाचत होती. नामी म्हनते, जा पोरींनो, तिथं हिचा आवाज अडकला. इतकी वर्षं मला पाठ होतं ते. पाठ असलं की ऐकू येत नाय, बायांनो. त्या दिवशी देवानं ऐकवलं. मी त्याला म्हनलं, हे नको दाखवू, दुसरं काय बी दाखव. रोज म्हनत होते. त्यानं दुसरं काही दाखवलं नाय."

त्या माझ्याकडे वळल्या. देवळातल्या झाडून साऱ्या बाया माझ्याकडे वळल्या. दारात दादा उभा राहिला होता.

"मने, जा. तुझ्या आईच्या घरी जा. तू माझ्या लेकाला जीव लावलास, मला जीव लावलास, देव तुला त्याचं फळ देईल. दुसऱ्या घरी तुला सुख लाभो. हे मी म्हनते. मी. तुझी सासू."

मी उठले, पण का उठले ते मला कळत नव्हतं. देऊळ माझ्या तोंडाकडे बघत होतं. आता रूथने बोलायची वेळ आहे, असं त्या साऱ्यांना वाटत होतं, आणि मलाही वाटत होतं. ते शब्द माझ्या जिभेवर होते. म्हटले असते तर सगळ्या रडल्या असत्या, गाणं झालं असतं, दादा एकटा परत गेला असता, आणि मला कुणी सक्ती केली असंही कुणी म्हटलं नसतं. पहिल्यांदाच मला कुणी सक्ती करत नव्हतं. आणि म्हणूनच मला स्पष्ट कळलं की मला जायचं आहे. प्रभुदासांसाठी, आणि माझ्यासाठी. या बाईला मी एकटीला सोडणार, आणि तरी जाणार.

"म्हन की गं," मार्थाबाई कुजबुजल्या. "म्हन ना, मी येते म्हन."



"तिला म्हनायला लावू नका," आत्याबाई म्हणाल्या. "निघताना अर्पा बी काही बोलली नाय."

"मग काय केलं तिनं?" मागून कुणीतरी विचारलं.

ते मला माहीत होतं. त्या दिवशी पुस्तक मिटलं तरी दुसऱ्या दिवशी भरदुपारी, त्या पाण्याला गेल्या असताना, मी पुढचं सगळं वाचून काढलं होतं. अर्पाने सासूचा मुका घेतला, जाण्याआधीचं तिचं एवढंच तिथे लिहिलं होतं. मी बायकांच्या मधून वाट काढत पुढे गेले. आमच्यात सून सासूच्या पाया पडते. गळ्यातही पडत नाही, मुका तर दूरच. मी आत्याबाईंचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्या देवळादेखत त्यांच्या गालाचा मुका घेतला. गाल ओला होता, खारट लागला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तसाच राहिला.

फाल्गुनात माझं लग्न झालं. आत्याबाई आल्या, माझ्या आईच्या शेजारी बसल्या, आणि अक्षतांच्या वेळी कुणीतरी दबक्या आवाजात "ही कोण?" असं विचारलं तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमच्याकडे कायमच्या राहायला या, असं प्रभुदासांनी पुष्कळ सांगितलं. त्या आल्या नाहीत. शेजारी मार्थाबाई आहेत, देऊळ आहे, गावोगावच्या बाया आहेत, म्हणाल्या. पण दर उन्हाळ्यात मात्र बाजरी आणि लसणाची गाठोडी घेऊन यायच्या आणि पाऊस लागेस्तोवर राहायच्या. खेड्यांत त्यांनी रूथची गोष्ट नंतरही सांगितली. मार्थाबाईंनी मला सांगितलं की आता ती पूर्वीसारखी रंगत नाही. बायांना कळत नाही कुठे चुकचुक करायची.

पुढे काय झालं ते मला फार चांगलं आठवतं, कारण त्याची आठवण आजही घरात वावरते. आम्हाला मुलगी झाली तेव्हा आत्याबाई आल्याच होत्या. बाप्तिस्म्याच्या रविवारी जालन्याच्या देवळात बाळ कुणाच्या हातात द्यायचं यावरून माझी आई आणि नणंद यांच्यात गोड वाद चालला होता. प्रभुदासांनी बाळ उचललं आणि थेट आत्याबाईंच्या हातात दिलं. नाव आदल्या दिवशीच ठरलं होतं. मला ते सुचलं, आत्याबाईंना मी विचारलं, आणि त्या आधी नको म्हणाल्या, मग पदराने नाक पुसत हो म्हणाल्या. बाकी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिथले पाळकसाहेब तरुण होते, नव्यानेच आलेले. त्यांनी पाण्याच्या भांड्याशी हात नेला आणि विचारलं, "मुलीचं नाव?"

"अर्पा," आत्याबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांचा हात वरच थांबला. त्यांना वाटलं म्हातारी चुकली. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अपर्णा म्हणायचं आहे का? की अर्पणा? कारण अर्पा हे नाव आपल्यात कुणी..."

"ठेवत नाय, मला ठावं हाये," आत्याबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. सगळ्या देवळाने माना वळवल्या. त्यांनी बाळाला जरा वर उचललं, त्याचं तोंड लोकांना दिसेल असं. "अर्पा. सासूची लाडकी होती ती. पानी घाला."